अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा 'कार्यकारी आदेश' म्हणजे आपला वटहुकूम का?

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. अकरावीच्या वर्गात संसदीय आणि अध्यक्षीय शासनपद्धतींची तुलना चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो येथे मांडतो.

तिने एका मराठी वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली त्याच दिवशी अनेक 'वटहुकूम' काढले, अशी ती बातमी होती. तिचे म्हणणे असे की, आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ नुसार संसदेचे अधिवेशन चालू नसेल तेव्हाच वटहुकूम काढता येतो आणि संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. मग तिकडे काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, अधिवेशन भरलेले असताना वटहुकूम निघतो कसा आणि तो वर्षानुवर्षे टिकतो कसा? एका सहीने कायदा होत असेल, तर आपण शिकवतो ते सत्ताविभाजन उरते कोठे?

माझी स्वतःची अडचण याच्या उलट बाजूची आहे. ज्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीला इतके वजन आहे, त्यालाच सीमेवरील भिंतीच्या पैशासाठी २०१८-१९ मध्ये ३५ दिवस सरकारी कामकाज ठप्प झालेले पाहावे लागले. ही दोन चित्रे एकाच पदाची कशी, हे मला वर्गात समजावून सांगायचे आहे. केवळ कलमांची जंत्री न देता घडलेल्या प्रकरणांच्या आधारे कोणी उलगडून सांगितल्यास आभारी राहीन.

जुना वकील

गुरुजी, आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तिची शंका रास्त आहे, चूक त्या बातमीतील शब्दाची आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत वटहुकूम नावाची तरतूदच नाही. तेथील राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस चालू असताना नाही आणि सुटीवर असतानाही नाही, कायदा करण्याचा अधिकार कधीच नसतो. कायदे करण्याचे सर्व अधिकार पहिल्या कलमाने काँग्रेसला दिले आहेत. दुसऱ्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला 'कार्यकारी सत्ता' दिली आहे आणि कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होते की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य त्याच्यावर सोपवले आहे.

मग तो सह्या कशावर करतो? कार्यकारी आदेश हे मुळात वरिष्ठाने हाताखालच्या खात्यांना दिलेले लेखी निर्देश असतात. जिल्हाधिकारी तहसीलदारांना परिपत्रक काढतात, तोच प्रकार. फक्त येथे परिपत्रक काढणारा माणूस जगातील सर्वांत मोठ्या प्रशासनाच्या शिरोभागी बसलेला आहे, म्हणून त्या कागदाचा धक्का लांबवर पोहोचतो. नागरिकांवर तो आदेश बंधनकारक ठरायचा असेल, तर त्याला एकतर काँग्रेसने केलेल्या एखाद्या कायद्याचा टेकू असावा लागतो किंवा राज्यघटनेने थेट राष्ट्राध्यक्षाला दिलेल्या एखाद्या अधिकाराचा. टेकू नसेल तर आदेश कोसळतो. तो कसा कोसळतो, याचे उत्तम उदाहरण १९५२ सालचे आहे आणि आपण वर्गात एकच प्रकरण सांगणार असाल तर हेच सांगावे, असे मी सुचवीन.

कोरियाचे युद्ध चालू होते. पोलाद कामगारांच्या संघटनेने ९ एप्रिल १९५२ पासून देशव्यापी संपाची हाक दिली होती. पोलाद थांबले तर दारूगोळा थांबेल आणि आघाडीवरील सैनिक अडचणीत येतील, असे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे म्हणणे होते. आदल्या रात्री त्यांनी १०३४० क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढून देशातील बहुतेक प्रमुख पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेण्यास सांगितले. हा आदेश गिरणीमालकांना उद्देशून नव्हता, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. तो होता वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांना. सॉयर यांनी मग गिरण्यांच्या अध्यक्षांना कळवले की, यापुढे आपण सरकारतर्फे कारखाना चालवत आहात. दुसऱ्याच दिवशी ट्रुमन यांनी काँग्रेसला संदेश धाडून सर्व हकीकत कळवली. काँग्रेसने त्यावर काहीच केले नाही.

गिरणीमालक न्यायालयात गेले आणि २ जून १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला की, राष्ट्राध्यक्षांना हा अधिकार नव्हता. त्या वेळचे नऊही न्यायाधीश एकतर रूझवेल्ट यांनी नेमलेले होते किंवा स्वतः ट्रुमन यांनी. ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघे त्यांच्या विरोधात गेले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिला आणि त्यांच्याशी सहमत असलेल्या उरलेल्या पाचही न्यायाधीशांनी आपापली स्वतंत्र मते जोडली. ट्रुमन यांनी गिरण्या तत्काळ परत केल्या, संप सुरू झाला आणि पन्नासहून अधिक दिवस चालला.

या पाच मतांपैकी रॉबर्ट जॅक्सन यांचे मत आजही प्रत्येक वकील तोंडपाठ सांगतो. हे गृहस्थ पूर्वी रूझवेल्ट यांचे महान्यायवादी होते, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांची वकिली त्यांनी स्वतः केलेली होती. त्यांनी मांडलेली विभागणी थोडक्यात अशी: काँग्रेसने उघड किंवा गर्भित परवानगी दिली असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाची ताकद सर्वाधिक, कारण तो स्वतःच्या अधिकाराबरोबर काँग्रेसचा अधिकारही वापरत असतो; काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर प्रदेश, जेथे परिस्थिती पाहून ठरवावे लागते; आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध तो जाईल तेव्हा त्याची ताकद सर्वांत क्षीण. पोलादाचे प्रकरण तिसऱ्या वर्गात पडले, कारण १९४७ साली टाफ्ट-हार्टली कायदा करताना कारखाने ताब्यात घेण्याची तरतूद काँग्रेसपुढे आली होती आणि ती नाकारली गेली होती. त्या कायद्यात संप ८० दिवस लांबणीवर टाकण्याची सोय होती, पण ट्रुमन यांनी ती वापरली नाही. त्यांना तो कायदाच नापसंत होता. १९४७ मध्ये त्यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता आणि काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो डावलला होता.

याच ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी ९९८१ क्रमांकाचा आदेश काढून सैन्यदलांत वंशावरून होणारा भेदभाव संपवण्याचे धोरण जाहीर केले होते. तो आदेश टिकला. काँग्रेसमधील दक्षिणेकडील सदस्यांना तो मुळीच रुचणारा नव्हता, तरीही टिकला, कारण सेनापतीने आपल्या सैन्याला दिलेला तो हुकूम होता आणि सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षाला घटनेनेच दिलेले आहे. माणूस एक आणि सहीही एकच. एका कागदाला पाया होता, दुसऱ्याला नव्हता.

आता आदेश वर्षानुवर्षे कसे टिकतात, त्याबद्दल. त्यांना मुदत नसते, पण पुढचा राष्ट्राध्यक्ष ते एका सहीने रद्द करू शकतो. गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या परदेशी संस्थांना अमेरिकी मदत नाकारण्याचे धोरण रेगन यांनी १९८४ मध्ये आणले; क्लिंटन यांनी १९९३ मध्ये ते काढले, धाकट्या बुश यांनी २००१ मध्ये परत आणले, ओबामा यांनी २००९ मध्ये काढले, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये आणले, बायडेन यांनी २०२१ मध्ये काढले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा आले. चाळीस वर्षे हा झोपाळा हलतो आहे. कायदा केला असता तर हे झाले नसते. पण कायद्याला मते लागतात.

हिशेबनीस

वरील प्रतिसाद वाचल्यावर भिंतीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळतेच. उरलेले निम्मे पैशाच्या बाजूने सांगतो, कारण माझे आयुष्य लेखापरीक्षणात गेले आहे आणि सत्ता कोणाची हे मला तिजोरीच्या किल्लीवरून कळते.

अमेरिकेत काँग्रेसने कायद्याने मंजूर केल्याखेरीज सरकारी खजिन्यातून एक डॉलरही काढता येत नाही. आपल्याकडे अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकार पडते. तेथे सरकार पडण्याची सोयच नाही, म्हणून ते बंद पडते. राष्ट्राध्यक्ष आपल्या जागी, काँग्रेस आपल्या जागी आणि कर्मचारी बिनपगारी घरी. ट्रम्प यांनी भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले होते. ३५ दिवसांच्या ठप्पावस्थेनंतर काँग्रेसने दिले सुमारे १.३७५ अब्ज. तेव्हा १५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी घोषित केली आणि लष्करी बांधकामासाठी मंजूर झालेला पैसा भिंतीकडे वळवण्याची वाट काढली. ही वाट त्यांना काँग्रेसच्याच जुन्या कायद्यांनी दिलेली होती, हे महत्त्वाचे.

आता यापुढची गोष्ट अकरावीच्या मुलांना सांगण्याजोगी आहे, कारण तिच्या मुळाशी भारतीय वंशाचा एक विद्यार्थी आहे. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात काँग्रेसने एक लगाम आपल्या हाती ठेवला होता: दोन्ही सभागृहांनी ठराव केला की आणीबाणी संपेल, राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही. त्या काळी अशा 'सही नको' ठरावांची तरतूद अनेक कायद्यांत असे. जगदीश राय चढ्ढा हे केनियात जन्मलेले, ब्रिटिश पारपत्र असलेले भारतीय वंशाचे तरुण १९६६ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत आले. १९७२ मध्ये त्यांच्या व्हिसाची मुदत संपली. त्यांची हकालपट्टी थांबवण्याचा निर्णय स्थलांतर खात्याच्या न्यायाधीशाने दिला. परंतु १९७५ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने, म्हणजे एकट्या एका सभागृहाने, ठराव करून तो निर्णय फिरवला. चढ्ढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि जून १९८३ मध्ये जिंकले. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की, ज्याचा परिणाम कायद्यासारखा होतो ते काम कायद्याच्याच रीतीने व्हायला हवे: दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि मग राष्ट्राध्यक्षापुढे सादर करणे.

तर्क बिनतोड होता, परिणाम मात्र काँग्रेसला महाग पडला. आणीबाणी कायद्यातला लगामही या निकालाने निकामी झाला आणि १९८५ मध्ये तो बदलून राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी जाणारा संयुक्त ठराव त्याच्या जागी आला. म्हणजे ज्याने आणीबाणी लावली त्याच्याचकडे ती उठवण्याचा कागद सहीसाठी न्यायचा! २०१९ मध्ये नेमके तेच झाले. प्रतिनिधिगृहाने ठराव केला आणि सिनेटने ५९ विरुद्ध ४१ मतांनी तो संमत केला. राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे बारा सिनेटर त्याच्या बाजूने होते. ट्रम्प यांनी १५ मार्च रोजी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार त्यावर वापरला. तो डावलण्यासाठी दोन तृतीयांश मते हवी होती. प्रतिनिधिगृहात २४८ विरुद्ध १८१ अशी मते पडली आणि प्रयत्न फसला.

काँग्रेसने दिलेला पैसा राष्ट्राध्यक्षाने खर्चच केला नाही तर काय, हाही प्रश्न पूर्वी उभा राहिला आहे. जलशुद्धीकरणाच्या १९७२ च्या कायद्यावर निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो डावलला, तेव्हा निक्सन यांनी मंजूर रकमेचा मोठा भाग राज्यांना वाटलाच नाही. १९७४ मध्ये काँग्रेसने निधी अडवून ठेवण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जलशुद्धीकरणाच्या प्रकरणात निर्णय राज्यांच्या व शहरांच्या बाजूने दिला. नकार देण्याची संधी राष्ट्राध्यक्षाला एकदाच, विधेयक समोर येते तेव्हा. तेही संपूर्ण विधेयकाला. त्यातली नको ती रक्कम खोडून बाकीचे ठेवता येत नाही. १९९६ मध्ये काँग्रेसने तशी सवलत कायद्याने देऊन पाहिली होती, ती न्यायालयाने १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

न्यू जर्सीवासी

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. परंतु 'पाया नसेल तर आदेश कोसळतो' या वाक्याने वाचकांचा असा समज होऊ नये की, तो ताबडतोब कोसळतो. मधल्या काळात माणसे होरपळतात.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर भरण्याची अट घालणारी घोषणा निघाली आणि ती २१ तारखेच्या पहाटेपासून लागू होणार होती. आमच्या शेजारचे गृहस्थ वडिलांच्या श्राद्धासाठी नाशिकला गेले होते. त्यांच्या कंपनीच्या वकिलांचा निरोप आला की, चोवीस तासांत परत या. सर्वपित्री अमावास्येच्या आधीच ते मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभे होते. शनिवारी खुलासा झाला की, अट केवळ नव्या अर्जांना आहे आणि जुन्या व्हिसाधारकांना ये-जा करण्यास आडकाठी नाही. तोवर त्यांनी तिप्पट भावाने तिकीट काढले होते.

या घोषणेचा आधार म्हणून १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील एक तरतूद दाखवली गेली. परकीय नागरिकांच्या एखाद्या वर्गाचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असे राष्ट्राध्यक्षाला वाटल्यास तो प्रवेश स्थगित करता येतो, अशी ती आहे. काही मुख्यतः मुस्लिमबहुल देशांतील नागरिकांवरील प्रवेशबंदीही याच तरतुदीवर उभी होती आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. जॅक्सन यांच्या विभागणीतला हा पहिला वर्ग झाला. काँग्रेसने सत्तर वर्षांपूर्वी ऐसपैस शब्दांत लिहून ठेवलेले वाक्य हीच राष्ट्राध्यक्षाची खरी दौलत असते, असे माझे येथे राहून झालेले मत आहे.

अर्थात, दौलत दर वेळी कामी येतेच असे नाही. बायडेन प्रशासनाने २००३ च्या एका कायद्यावर विसंबून सुमारे ४०० अब्ज डॉलरची शैक्षणिक कर्जे माफ करण्याची योजना २०२२ मध्ये जाहीर केली. त्या कायद्यात कर्जविषयक तरतुदी 'शिथिल किंवा सुधारित' करण्याची मुभा होती. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, एवढ्या प्रचंड कर्जमाफीला सुधारणा म्हणता येणार नाही. येथे शिकून नोकरीला लागलेल्या आमच्या ओळखीच्या कितीतरी मुलांनी ती माफी घरखर्चात धरून ठेवली होती.

खडूफळा

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. पोलाद गिरण्या आणि चढ्ढा ही दोन प्रकरणे मी पुढच्याच तासाला घेणार आहे. दोन शंका मात्र उरल्या. सरसेनापतिपद घटनेने राष्ट्राध्यक्षाला दिले असले तरी युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसकडे आहे, असे पुस्तकात आहे. मग व्हिएतनामचे युद्ध कोणी पुकारले? आणि शिक्षामाफीचा अधिकार आपल्या राष्ट्रपतींप्रमाणेच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो का?

जुना वकील

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे: नाही. माफी हा राष्ट्राध्यक्षाचा स्वतःचा अधिकार आहे, त्याला ना मंत्र्यांचा सल्ला लागतो ना सिनेटची संमती. मर्यादा दोनच, ती केवळ केंद्रीय कायद्यांखालील गुन्ह्यांना लागू पडते, घटकराज्यांच्या नाही, आणि महाभियोगाला ती लागू नाही. खटला उभा राहण्याआधीसुद्धा माफी देता येते. जेराल्ड फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी निक्सन यांना अशीच माफी दिली.

व्हिएतनामचे युद्ध रीतसर कोणीच पुकारले नाही. काँग्रेसने शेवटची युद्धघोषणा केली ती जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध. त्यानंतरची सर्व युद्धे एकतर काँग्रेसच्या परवानगीच्या ठरावांवर चालली, जसे व्हिएतनामसाठी १९६४ चा टोंकिनच्या आखाताचा ठराव आणि इराकसाठी २००२ चा, किंवा कोरियाप्रमाणे त्याही विना. १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने कायदा केला की, सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत कळवावे आणि काँग्रेसची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, ते मागे घ्यावे. व्यवहारात या कायद्याला वळसे पडले. लिबियातील कारवाईला २०११ मध्ये साठ दिवस उलटून गेले, तेव्हा ओबामा प्रशासनाने असा युक्तिवाद केला की, तेथे जे चालले आहे ते कायद्याच्या अर्थाने 'लढाई' नाहीच. विमाने बॉम्ब टाकत होती आणि वकील शब्दार्थ पाहत होते. पोलादाच्या प्रकरणात न्यायालय धावून आले तसे युद्धाच्या बाबतीत सहसा येत नाही. तो राजकीय प्रश्न मानून ते अंग राखते. म्हणून येथे लगाम असलाच तर काँग्रेसच्या हाती आहे आणि तो ओढण्याची जबाबदारी घेण्यास ती बहुधा नाखूश असते.

सेनापती म्हणून असलेल्या अधिकाराचीही कड कोठे आहे, हे लिंकन यांना ठाऊक होते. १ जानेवारी १८६३ च्या त्यांच्या मुक्तिघोषणेने बंडखोर प्रदेशांतील गुलाम मुक्त ठरले, पण केंटकी, मेरीलँड, डेलावेअर, मिझुरी या संघराज्यातच राहिलेल्या राज्यांतील गुलामांना तिने स्पर्श केला नाही. शत्रूचे बळ तोडण्याचा लष्करी उपाय म्हणून ती काढलेली होती, आणि जेथे शत्रू नाही तेथे तो उपाय कसा चालावा? गुलामगिरी देशभर संपवण्यासाठी डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती अमलात यावी लागली.

मुद्रितशोधक

मी अनेक वर्षे एका दैनिकाच्या परदेश-बातम्यांच्या टेबलावर काम केले आहे, म्हणून मूळ शब्दाबद्दल कबुली देतो. 'वटहुकूम' हा शब्द आम्ही अज्ञानाने वापरत होतो असे म्हणता येणार नाही. त्यात हुकूम आहे, दरारा आहे आणि वाचकाला तो ओळखीचा आहे. रात्री साडेअकराला पान सोडताना एवढी कारणे पुरतात. काही सहकारी 'अध्यादेश' लिहीत, ते अधिक शास्त्रीय वाटते म्हणून. पण तोही शब्द आपल्याकडे अनुच्छेद १२३ शी बांधलेला असल्याने दोष तोच राहतो.

खडूफळा सरांनी विद्यार्थ्यांना 'कार्यकारी आदेश' हा शब्द द्यावा आणि लिंकन यांचा १८६३ चा किंवा एच-१बीचा कागद असेल तेथे 'घोषणा' म्हणावे. दोन्हींचा कायदेशीर जोर त्यांच्या नावावरून ठरत नाही, वर जुन्या वकिलांनी सांगितलेल्या टेकूवरूनच ठरतो. तरी नावे वेगळी ठेवलेली बरी, कारण तेथील सरकारी राजपत्रातही ती वेगळीच छापली जातात. राहता राहिला शीर्षकातील जागेचा प्रश्न, तर नुसते 'आदेश' लिहिले तरी भागते. तो शब्द 'वटहुकूम'पेक्षा दोन अक्षरांनी आखूडच आहे.